नौजवान क्लबचा अखंड इतिहास

२२ नोव्हेंबर १९८२, उदगीर

निवृत्त होऊन वर्ष झालं. शाळेत कारकुनी करताना जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी रजिस्टरात लिहिल्या, आता स्वतःच्या लिहाव्यात म्हणून ही डायरी आणली होती. ती तशीच कोरी पडून होती. आज पहिलं पान भरतोय ते संतापानं.

आमच्या नौजवान फुटबॉल क्लबचं मैदान सरकार घेऊन राहिलंय. लातूर जिल्हा होऊन तीनच महिने झाले आणि नव्या कचेऱ्यांतल्या नोकरांना घरं बांधायला साऱ्या उदगिरात आमचंच मैदान सापडलं. नोटीस क्लबचे अध्यक्ष साहेबराव यांच्या नावानं आली. जागा निजामाच्या काळात, १९३७ साली, फुटबॉल खेळायला दिलेली. खेळ अखंड चालू असेल तोवर क्लबची, मध्ये बंद पडला तर सरकारजमा. तेव्हा दर वर्षी क्लब चालू होता याचा पुरावा घेऊन मार्चमध्ये प्रांतसाहेबांपुढे या, असा हुकूम आहे.

साहेबराव म्हणाले, "शंकरप्पा, तुमी पस्तीस वर्सं सेक्रेटरी हाव. इतिहास लिव्हा. मी छापून आणतो. साहेबाच्या टेबलावर पुस्तक ठिवलं की झालं."

क्लब आमचा काही मोठा नाही. जिल्हा लीगच्या ब गटात खेळलो, वर कधी चढलो नाही. एक्कावन्न साली तिसरे आलो तेवढीच कमाई. पण मैदान जागचं हललं नाही आणि जिल्हे तीन झाले. छप्पन सालापर्यंत आम्ही बिदरमध्ये होतो, मग उस्मानाबादेत, आता लातुरात. खेळाडूंपेक्षा सरकारनंच आम्हाला जास्त लाथाडलं, असं आज बैठकीत बोललो तर सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या मैदानावर माझे दोन दात पडले आहेत.

२५ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण झकास उतरलं. हैदराबादहून बदलून आलेल्या अमीनसाहेबांनी, म्हणजे पोलिसातल्या साहेबांनी, क्लब काढला. बाभळी तोडून मैदान केलं. मी चाळीस साली आलो. त्याच वर्षी ग्यानोबा आला. आम्ही एका वयाचे, दोघंही सतराचे. तो गोलकीपर. मी उजव्या बाजूला धावायचो आणि बहुतेक वेळा पडायचो.

चेंडूची आठवण घालावी की नाही ते ठरत नाही. अमीनसाहेबांनी आणलेला चामड्याचा चेंडू. आमची जमीन खडकाळ, चेंडूला चरबी चोळली नाही तर महिन्यात उलायचा. चामडं आणि चरबी म्हटल्यावर माझ्या आईनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. कुणाच्याच घरी येऊ दिला नाही. म्हणून तो ग्यानोबाच्या घरी राहायचा. पुढे रबरी ब्लॅडरचे किती आले आणि गेले, पण तो पहिला चेंडू अजून त्याच्याकडेच आहे. क्लबनं किती विश्वास टाकला होता त्याच्यावर! हे घालायला हरकत नाही. बघू.

९ डिसेंबर

घोळ झाला आहे.

माझ्याकडची प्रोसिडिंगची, म्हणजे बैठकांच्या नोंदींची, सगळी बुकं काढली. सदतीस ते छप्पन ठीक. चौसष्टपासून आजवर ठीक. मधली सात वर्षं कोरी. मला वाटलं होतं एखादं बुक उंदरांनी खाल्लं असेल. पण छप्पनच्या शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पुढील बैठक यथावकाश.' ते यथावकाश सात वर्षांनी आलं.

काय झालं होतं ते इथे लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे. हाफटाइमला रांजणातलं पाणी प्यायचो. ग्यानोबा आणि त्याच्या गल्लीतले तिघं बाजूला उकिडवे बसायचे आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचे. ओतायला कुणी राजी नसायचं, मी ओतायचो. मी कधी नाक मुरडलं नाही. मग ते लोक बौद्ध झाले. त्यानंतरच्या पहिल्याच मॅचला ग्यानोबा रांजणाजवळ आला, स्वतः तांब्या बुडवला आणि प्यायला. कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी आमच्यातले सहाच आले, त्याच्या पुढच्याला मी एकटा. मग मीही गेलो नाही, घरी लग्नकार्य होतं.

त्याच सुमारास बिदर सुटून उस्मानाबाद आलं. मैदान वापरायची परवानगी दर वर्षी जिल्ह्याच्या कचेरीतून काढावी लागे. नव्या जिल्ह्यात अर्ज करायला कोण जाणार, म्हणून राहिलं. चौसष्टमध्ये साहेबरावांच्या वडिलांनी क्लब पुन्हा उभा केला तेव्हा परवानगी चालूच असल्याचं कळलं. कशी, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१२ डिसेंबर

ग्यानोबाकडे गेलो. नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होता, तोही आता निवृत्त आहे. अर्ध्या गावाचं पाणी त्याच्या हातून सुटायचं. आता सोडायला पाणीच नाही. यंदा पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला आणि तळं डिसेंबरातच तडकलं.

नेहमीप्रमाणे त्याच्या दारातल्या लिंबाखाली उभा राहिलो. तो म्हणाला, "अप्पा, आत या की." मी म्हटलं, बाहेर वारं बरं आहे. नागुबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "पाणी घेताव का?" म्हटलं, आत्ताच घरून पिऊन निघालो. एवढ्या टंचाईत दुसऱ्याच्या घरचं पाणी कशाला संपवायचं.

सात वर्षांचं विचारलं तर तो आत गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन आला.

"सगळं हाय ह्याच्यात. सत्तावन्न ते त्रेसष्ट. दर वर्सी उस्मानाबादला जाऊन अर्ज दिला, शिक्का मारून आणला. आमी अकरा जण खेळत होताव की. नाव नौजवानच ठिवलं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुमी इचारलं न्हाई."

मी झाकण उघडलं नाही. उघडून तिथेच वाचत बसलो असतो तर त्याला वाटलं असतं की काम झालं. साहेबरावांशी बोलल्याशिवाय शब्द देणं बरं नव्हे. म्हटलं, तुझ्याजवळच ठेव, लागलं तर मागीन.

"मैदान वाचंल ना, अप्पा?" त्यानं विचारलं. म्हटलं, मी लिहितोय ना, मग काळजी कशाला.

१३ डिसेंबर

साहेबराव तडकले. "त्याचे कागद लावले तर मैदान कुणाचं ठरंल? सात वर्सं सेक्रेटरी कोण, तर ग्यानोबा! उद्या चौदा एप्रिलला मंडप तिथंच पडंल आन आपल्याला पावती फाडून आत जावं लागंल."

मी म्हटलं, मग पुरावा कुठून आणायचा?

"तुमी कशाला हाव? बुकं तुमच्याकडं, अक्षर तुमचं. सात वर्सं लिव्हून काढा." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन तुमचा सत्कार ठिवलाय प्रकाशनाला. सत्तेचाळीसपासून अखंड सेक्रेटरी. मधी सात वर्सं दुसरंच नाव आलं तर अखंड कसं म्हणावं?"

ही गोष्ट मला आधी सुचली नव्हती असं लिहिणार होतो. खरं म्हणजे काल त्या पेटीसमोर उभा असतानाच सुचली होती.

१६ जानेवारी १९८३

शाळेच्या अडगळीत जुनी कोरी प्रोसिडिंग बुकं होती, शिपायानं एक काढून दिलं. दौत आणि टाकाचा काळ होता, म्हणून टाकच घेतला. आठ दिवस दुपारी दार लावून लिहितोय. बायकोला, शिवम्माला, सांगितलंय की इतिहास लिहितोय. ते खोटं कसं म्हणता येईल?

सुरुवातीला दोन ओळींतच अडलो. मग सुचत गेलं. अठ्ठावन्नमध्ये निलंग्याच्या संघाविरुद्ध दोन गोल केले, एक मी केला. साठमध्ये पावसामुळे सामना रद्द. एकसष्टात माझ्यावर अभिनंदनाचा ठराव, सर्वानुमते. सात वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नाही. सात वर्षं रांजण भरलेला होता.

इतकं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. त्याची लाज वाटते, पण वाचायला घेतलं की पान खाली ठेववत नाही.

६ फेब्रुवारी

स्टँडवर चांगुणा भेटली, ग्यानोबाची मुलगी. उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीत नोकरीला होती, जिल्हा फुटल्यावर लातूरला आली. पोरीनं नाव काढलं. दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती आणि हातात दोन रिकाम्या घागरी होत्या.

म्हणाली, "काका, इतिहास लिव्हून राहिलाव म्हणं. बाबांनी पेटी पुसून ठिवलीय, रोज वाट बघून राहिलेत."

म्हटलं, लागली तर मागवू.

तिनं घागरी खाली ठेवल्या. मग म्हणाली, "उस्मानाबादचे गठ्ठे आलेत लातूरला. आमी तीन महिने तेच लावून राहिलो. उदगीरचे सगळे अर्ज हायत त्यात, एक बी गहाळ न्हाई. सुनावणीला आमची कचेरी फाइल धाडती, काका."

म्हटलं, शाबास, दप्तर असंच नीट ठेवावं माणसानं. ती माझ्याकडे बघत राहिली. कामाचा ताण असावा. नव्या जिल्ह्यानं पोरांना राबवून घेतलंय.

२७ फेब्रुवारी

आज प्रकाशन झालं. मैदानावर मंडप होता, बाजूला टँकरसाठी बायकांची रांग. भाषणात साहेबराव 'अखंड' हा शब्द नऊ वेळा म्हणाले. मला शाल, नारळ. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर साहेबरावांचा फोटो, आत माझा, अमीनसाहेबांचा मिळाला नाही.

ग्यानोबा मागे उभा होता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. कार्यक्रम संपल्यावर जवळ आला, पुस्तक दोन्ही हातांत धरलेलं.

"अप्पा, मी कोणत्या पानावर हाय?"

चाळून दाखवल्यासारखं केलं. म्हटलं, हे बघ, पान एकवीस, 'तसेच इतर अनेक खेळाडूंचे सहकार्य लाभले', यात तू आलासच.

त्यानं ते वाक्य बोट ठेवून वाचलं. चौथी शिकलाय, सावकाश वाचतो. मग विचारलं, "आन चेंडू?"

चेंडूची आठवण घालायची राहून गेली. पानं वाढत होती. त्यानं पुस्तक मला परत दिलं. म्हटलं, अरे ठेव, तुलाच दिलंय. "नगं," म्हणाला आणि गेला. फुकट मिळालेल्या वस्तूचीही लोकांना कदर नसते.

संध्याकाळी शिवम्मानं पुस्तक वाचलं. शाल घडी करत म्हणाली, "ह्यात ग्यानोबा कुठं हाय?" मी म्हटलं, जेवायला वाढ.

१६ मार्च

आजच लिहिलं पाहिजे.

प्रांतसाहेब तरुण आहेत, आवाज चढवत नाहीत. पुस्तक चाळलं, माझं प्रोसिडिंग बघितलं आणि विचारलं, "सत्तावन्न ते त्रेसष्ट क्लब कुणी चालवला?"

साहेबरावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी.

त्यांनी लातूरहून आलेली फाइल उघडली. सात अर्ज. पिवळे, शिक्का मारलेले. "यांच्यावर सही वेगळी आहे. 'ग्यानोबा, सेक्रेटरी.' तुमच्या प्रोसिडिंगमध्ये या नावाचा माणूस बैठकीलासुद्धा नाही. हे ग्यानोबा कोण?"

साहेबराव छताकडे बघायला लागले. ग्यानोबा मागच्या बाकावर बसलेला, मांडीवर पत्र्याची पेटी.

साहेब म्हणाले, "तो माणूस इथे असेल तर उभं राहावं. नीट ऐकून मग बोला. हे अर्ज या क्लबचेच असतील तर क्लब अखंड होता, जागा क्लबची राहील. पण मग हे प्रोसिडिंग खोटं ठरेल आणि ते लिहिणाऱ्यावर मला गुन्हा दाखल करायला सांगावं लागेल."

ग्यानोबा उठला. त्यानं आधी खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून मैदानाचा एक गोलपोस्ट दिसतो. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी मान खाली घातली.

"मी ग्यानोबा. पर त्यो मी न्हवं, साहेब. मी त्या क्लबात नव्हतो."

"नक्की?"

"छापील पुस्तक हाय की तुमच्याम्होरं. बघा, माझं नाव न्हाई त्यात."

पेटी काखेत धरून तो निघून गेला. साहेबांनी दाराकडे बघितलं आणि ते लिहायला लागले. अर्ज या क्लबचे असल्याचं सिद्ध होत नाही, प्रोसिडिंग कचेरीच्या दप्तराशी जुळत नाही, सात वर्षांचा पुरावा नाही. जागा सरकारजमा.

सूड घेतला त्यानं. एक हो म्हटलं असतं तर मैदान वाचलं असतं. पंचेचाळीस वर्षांचं मैदान एका नाहीत घालवलं. घरी येऊन शिवम्माला तसंच सांगितलं.

ती ताट वाढत होती. तिनं ताट तिथेच ठेवलं. "सूड? त्यानं हो म्हणलं असतं तर तुमी आज घरी आले असताव का?"

१७ मार्च

जेवलो नाही. तिनं आग्रहही केला नाही.

४ एप्रिल

मैदानावर मोजणीचे दगड रोवले. गोलपोस्ट उपटून टँकरवाल्यांनी नेले, त्यांना चुलीला लाकूड हवं होतं. लोक माझ्याकडे बघून बोलायचे थांबतात. आधी वाटायचं की आदरानं थांबतात.

छप्पन सालचा तो रविवार परत परत आठवतो. घरी लग्नकार्य होतं असं वर लिहिलंय. लग्नकार्य नव्हतं.

१० एप्रिल

साहेबरावांनी बोलावलं. त्यांच्या बैठकीत काचेचं कपाट करतायत, 'नौजवान'च्या आठवणी ठेवायला. पुस्तक, माझी शाल, आणि तो पहिला चेंडू हवाय. "तुमी मागा, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई तो."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ग्यानोबाकडे जायला मला काही निमित्त हवं होतं, ते मिळालं.

दुपारचं ऊन होतं. लिंबाखाली क्षणभर थांबलो आणि मग चपला काढून आत गेलो. पहिल्यांदाच. खोली स्वच्छ होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कोनाड्यात चेंडू. तेल पिऊन काळा झालेला, शिवण कुठेही उसवलेली नाही. नागुबाईनं या वेळी विचारलं नाही. मीच म्हटलं, पाणी द्या. तिनं पेला भरून हातात दिला. टँकरचं पाणी, डिझेलचा वास येणारं. मी सगळं प्यायलो. मला वाटलं ती काही बोलेल. ती पेला घेऊन आत गेली.

म्हटलं, ग्यानोबा, माझं चुकलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढू, तुझं सगळं घालतो.

"मैदान कुठं ऱ्हायलं, अप्पा? आता कशाचा इतिहास?"

मग चेंडूचं सांगितलं. मला वाटलं होतं देणार नाही. न देता तर बरं झालं असतं. त्यानं कोनाड्यातून चेंडू काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"क्लबचा हाय, न्या. पर पावती द्या. चाळीस साली बाप माझा मेला, तवापासून सांभाळलेली ही एकच वस्तू हाय घरात. कुणाकडून घेतला ते कागदावर पाहिजे."

वहीचं पान फाडलं. लिहिलं, 'नौजवान फुटबॉल क्लबचा पहिला चेंडू सुस्थितीत मिळाला. ग्यानोबा यांजकडून.' त्याला वाचून दाखवलं.

"पुरं नाव लिव्हा."

पेन कागदावर टेकवला आणि तिथेच अडकला. प्रोसिडिंगच्या बुकांत मी त्याला 'ग्यानोबा गोलकीपर' लिहीत आलो. मागून हाक मारताना ग्यान्या. त्रेचाळीस वर्षांत मला त्याच्या बापाचं नाव माहीत नव्हतं. आडनाव माहीत नव्हतं. हजारो पोरांची पुरी नावं मी दाखल्यांवर लिहिली आहेत.

तो वाट बघत होता. त्याला कळलं होतं, तरी त्यानं आपणहून सांगितलं नाही.

शेवटी विचारलं, "नाव काय रे तुझं?" आणि मग म्हटलं, "तुमचं?"

"ग्यानोबा सटवाजी सोनकांबळे," तो सावकाश म्हणाला, मला लिहिता यावं म्हणून.

लिहिलं. सही केली. त्यानं पावती दोनदा वाचली, पत्र्याच्या पेटीत सात अर्जांवर ठेवली आणि झाकण लावलं. मी चेंडू उचलला. भर उन्हात काखेत धरून गावातून आणला आणि घरी आल्यावर शिवम्माला विचारलं, कुठे ठेवू? ती म्हणाली, "देव्हाऱ्याशेजारी ठिवा. हितं कोण न्हाई म्हणणार हाय आता?"

साहेबरावांना अजून कळवलेलं नाही.